सुकेपर्यंत बघायचं

आते, तार आली तेव्हा मी रोलरच्या चाकांवर पाणी मारत होतो. डांबर गरम असलं की चाकाला चिकटतं, म्हणून चाकं सारखी ओली ठेवावी लागतात. बापूराव मुकादम तार घेऊन आले. माणूस साताऱ्याकडचा, आवाज असा की लांबचा उंटसुद्धा मान वळवून बघतो. पण त्या दिवशी हळूच म्हणाले, "कोकण्या, बस जरा." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं. कोणीतरी गेलं, एवढं तिथंच कळलं.

तार इंग्रजीत. त्यांनी वाचली आणि सांगितलं, "तुझी आत्या."

"माझीच काय?" मी विचारलं. काय हा प्रश्न! पण तुला माहीत आहे, मला आधी काहीतरी चूक झाली असेल असंच वाटतं.

"नाव तुझंच आहे बाबा," ते म्हणाले.

मला येता आलं नाही. तार इथवर पोचली तोवर तुझं सगळं झालंही होतं. ते बरोबरच केलं, राजस्थानात बाडमेरच्या पुढं रस्ता बांधणाऱ्या माणसासाठी किती थांबायचं? पण रात्री तंबूत पडलो की वाटतं, पोफळीच्या फाट्यावर उतरून वाडीची चढण चढतोय, आणि तू पडवीतनं ओरडतेस, "आलास काय रे बाला? वाटेत काय दिसला?"

दुसरं कोणी असं विचारायचं नाही. बाकीची विचारायची, पगार वाढला काय, लग्नाचं काय, तिकडे पाणी तरी मिळतं काय. तू आधी हे विचारायचीस. आणि काय नाय, काय नाय दिसला, असं म्हटलेलं तुला चालायचं नाही. "डोळं काय पोफळीच्या पॉवरहाऊसात ठेवून आलास?" म्हणायचीस. मग मला आठवून सांगावं लागायचं, की कुंभार्ली घाटात एका वळणावर सगळे पांगारे पेटल्यासारखे फुललेत, किंवा एसटीच्या काचेवर एक हिरवा टोळ चिपळुणापर्यंत बसून आला. टोळाचं ऐकून तू केवढी खूश झालीस. "तिकीट काढलान काय त्याचा?"

आता माझ्याकडे सांगायचं किती साचलंय. उंटाच्या पापण्या, आते. इतक्या लांब आणि दाट, सिनेमातल्या बाईला नसतील. वर धूळ बसते आणि सकाळच्या उन्हात ती धूळ सोन्यासारखी दिसते. हे मी तुझ्यासाठी ठेवलं होतं.

चार-पाच दिवसांनी अशोकचं कार्ड आलं. काकाचा हा पोरगा आता विहाराच्या कमिटीत आहे, पण तुला अजून नाक गळणाराच वाटायचा. त्यानं लिहिलं होतं, तुला ताप आला, दोनच दिवस, आणि पहाटे झोपेतच गेलीस. पुढच्या रविवारी सकाळी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. पुढं असं होतं: दादा, तुला येता येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कमिटीनं ठरवलं की तू विहाराला दिलेली ती फुलं या वेळी बुद्धमूर्तीपुढं आणि आतेच्या फोटोपुढं लावायची. ती आतेच्या घरी असतील, घेऊन येतो. म्हणजे तू इथं असल्यासारखं होईल.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती चांगली माणसं! आणि पाठोपाठ मी कार्ड परत वाचलं. कारण ती फुलं. आते, तुझ्या फोटोपुढं ती फुलं!

तुझा आणि माझा वाद त्याच फुलांवरचा. तो कधी मिटलाच नाही.

मी लहान होतो तेव्हा एक भंते आपल्या विहारात आले होते. सगळी वाडी दाटीवाटीनं बसलेली. त्यांनी समजावून सांगितलं की बुद्धाला फूल वाहायचं ते काही मागायला नाही. हे फूल जसं कोमेजणार तसं आपलं शरीरही कोमेजणार, एवढं ध्यानात राहावं म्हणून वाहायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. तू नाही विसरलीस. तू ते शब्दाला धरून ऐकलंस. फूल कोमेजताना बघायचं असेल तर ते कोमेजेपर्यंत तिथं राहायला हवं, आणि आपणही जाऊन बघायला हवं. इतकं सरळ.

मग रोज सकाळी विहार उघडून तू फूल ठेवायचीस, पॉवरहाऊसच्या कॉलनीतल्या क्वार्टर्सची धुणीभांडी आटपून दुपारी येताना परत डोकावायचीस, आणि दिवेलागणीला पुन्हा. मला हाताला धरून न्यायचीस. "बघ, कडेकडेनं कसा गुंडाळत आला. सकाळी असा व्हता काय?" मूर्तीसमोर दोन-तीन दिवसांची फुलं असायची. काही ताजी, काही मऊ पडलेली, काही कागदासारखी. कोणी झाडून काढली की तुझा पट्टा सुरू. "अजून त्याचा झाला नव्हता! मध्येच कशाला उचललान?"

आणि फुलं तरी कसली! गावात वरच्या वाडीतल्या देवळात झेंडू, जास्वंद, सोनचाफा. आपल्या बुद्धाला तुझ्या परसातलं भेंडीचं फूल. भोपळ्याचं. पावसाळ्यात बांधावरचा तेरडा, नाहीतर रानातला कुडा. कमिटीचे तेव्हाचे अध्यक्ष, आपले गुरुजी, एकदा म्हणाले, "अगो, भाजीची फुलं कोण वाहतं काय?"

"त्या फुलाला कुठं माहीत तो भाजी होणार ता?" तू म्हणालीस. "गुरुजी, भेंडीच्या फुलात आतनं कधी बघितलावत काय? पिवळा बघून फसू नका. आत वाकून बघा."

गुरुजी खरंच वाकले. मूर्तीपुढं गुडघ्यावर बसून, चष्मा सावरत. आत तो गडद, वाइनच्या बाटलीसारखा लाल रंग. कॉलनीतल्या साहेबांच्या घरी बाटल्या धुतल्यामुळे तुला तो रंग माहीत होता, आणि तू तो भर विहारात तसाच सांगितलास. सगळे हसले. गुरुजीपण हसले. फक्त जाताना म्हणाले, "एक भेंडी कमी झाली गो तुझी."

"होऊ दे. भाजीत पाणी वाढवीन."

मी मात्र हसायचो नाही. मला लाज वाटायची. सातवीतनं शाळा सोडली होती, कामाला जात होतो, चार माणसांत वावरत होतो. मला वाटायचं, आपण एवढे धर्म बदलून, मान वर करून उभे राहिलो. आता जयंतीला वरच्या वाडीतली माणसं विहार बघायला येतात. त्यांना काय दिसणार? वाळलेली फुलं. ते म्हणतील, बघा, ह्यांचं अस्वच्छ ते अस्वच्छच. हे तू मला घाबरट म्हणून सोडून द्यायचीस. पण आते, मी एकटा घाबरट नव्हतो. आपल्या अख्ख्या वाडीच्या पोटात ती भीती होती. फक्त तुझ्या नव्हती.

म्हणून रोलर शिकून सावर्ड्याच्या हायवेच्या कामावरनं ठेकेदारानं मला पहिल्यांदा इकडे आणलं, त्या वर्षी परतीच्या वाटेवर अहमदाबादेत उतरलो आणि प्लास्टिकची फुलं घेतली. गुलाबी आणि पिवळी, पानांवर दवाचे थेंबसुद्धा चिकटवलेले. एसटीत मांडीवर धरून आणली, चुरगळू नयेत म्हणून. प्लास्टिक कुठं चुरगळतंय! पण धरली होती.

तू ती हातात घेतलीस. उलटीपालटी केलीस. वास घेतलास. मी वाट बघत होतो.

"चांगली हायत," तू म्हणालीस. "ही कधी सुकणार?"

"कधीच नाही! तोच तर फायदा. रोज नवं आणायला नको, झाडायला नको. धुतली की नवी."

"मंग तिथं बसून मी बघू काय?"

मी चिडलो. मी म्हटलं, आते, भंते बोलले त्याचा तसा अर्थ नव्हता, तू उगीच शब्दाला धरून बसलीस. फुलाची आठवण ठेवायची, फुलावर पहारा नाही ठेवायचा. आणि लोक बघतात. तू चुलीवरची भाकरी उलटलीस. मग जे बोललीस ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

"बाला, मी लहान व्हती तेव्हा आमी पण देवाला फूल न्यायचो. पायरीच्या खाली ठेवायचा. मागनं कोणतरी उचलून आत न्यायचा. नेला की टाकला, कोण जाणे. माझ्या आयेनं जलमभर फुला नेलीन, पण एकपण फूल देवाफुडं कसा दिसतो ता बघितला नाय तिनं. आता माझ्या हातानं ठेवलेला फूल हाय. ता सुकेपर्यंत मी बघणार. कोणाला काय बोलायचा ता बोलू दे."

मी चुलीत लाकूड सारलं. पण पटलं असं म्हणालो नाही. आणि तूही ती फुलं विहारात लावली नाहीस. ट्रंकेत ठेवते म्हणालीस. पुढं दर सुट्टीला आपलं तेच. मी म्हणायचो, "ट्रंकेत झुरळं खातील," आणि तू म्हणायचीस, "झुरळाला पण कळता काय खायाचा."

आता तू गेलीस आणि कमिटी ती फुलं तुझ्याच फोटोपुढं लावणार होती. माझ्यावरच्या मायेनं!

मी दोन दिवस काहीच केलं नाही. अशोकला नको म्हणायचं म्हणजे कमिटीला नको म्हणायचं, आणि ती सगळी माझ्यासाठी करतायत. माझ्या बापाच्या वेळी ह्याच माणसांनी सगळं निभावलं. त्यांना कसं सांगू की तुम्ही करताय ते आतेला आवडलं नसतं? मी जेवलो नाही. बापूराव म्हणाले, "मेलेल्या माणसासाठी उपास करू नये, त्यानं त्याचं पोट भरत नाही." मी त्यांना सगळं सांगितलं. प्लास्टिकची फुलं, भेंडी, सगळं. ते डोकं खाजवत म्हणाले, "लेका, एवढ्यासाठी जेवण टाकलंस? फोन कर की! टँकर जातोय गावात, बस त्यात."

टँकरमधनं तालुक्याच्या पोस्टात गेलो. कॉलनीतल्या किराणा दुकानाचा नंबर देऊन अशोकच्या नावानं पी.पी. कॉल लावला आणि त्याला बोलावून आणेपर्यंत बाकावर बसून राहिलो. काय बोलायचं ते मनात घोकत होतो. शाळेत पाढे म्हणायला उभं राहायच्या आधी घोकायचो तसंच. शाळेची आठवण आली म्हणून सांगतो. मी शाळा सोडली त्या दिवशी घरात सगळे माझ्यावर ओरडत होते.  तू फक्त म्हणालीस, "जा, भोपळ्याचा फूल उघडला काय बघून ये." मी परसात गेलो. फूल अर्धं उघडलं होतं, आत एक भुंगा पिवळा होऊन लोळत होता. मी तिथं किती वेळ बसलो कोण जाणे. त्या दिवशी मी पळून जाणार होतो, आते. कपडे पिशवीत भरलेले होते. भुंगा बघता बघता राहून गेलं. हे तुला सांगायचं राहिलं. तुला कळलं असेलही. पिशवी तूच रिकामी केली असणार, कारण दुसऱ्या दिवशी माझे कपडे दोरीवर होते.

फोन लागला. खरखर खूप.

"दादा? दादा, बोल! इकडं सगळं नीट हाय, तू काळजी करू नको."

"अशोक, ऐक. ती फुलं लावू नका."

"काय?"

मी ओरडलो. पोस्टातली सगळी माणसं बघायला लागली. "प्लास्टिकची फुलं! लावू नका! आतेला चालायची नाहीत. भेंडीचं फूल ठेव. परसात भेंडी आहे काय?"

"हाय रे, पण दादा, कमिटीनं तुझ्यासाठी म्हणून..."

"कमिटीला माझा जयभीम सांग. सांग, दादा हात जोडून सांगतोय. भेंडीचं ठेवा, नाहीतर भोपळ्याचं. आणि सोमवारी झाडू नका. मंगळवारी पण नको. त्याचं होऊ दे."

 मग तो हळू आवाजात, "दादा, वरच्या वाडीतनंपण माणसं येणार हायत. आतेला सगळी ओळखायची. सुकलेली फुलं दिसली तर काय बोलतील?"

अगदी माझाच आवाज, आते. अगदी मीच.

"येऊ देत," मी म्हटलं. "त्यांना सांग, वाकून आतनं बघा."

तो हसला असावा, किंवा खरखर असेल. मग म्हणाला, "बरा. ठेवतो. पण दादा, एक सांगू? आते ट्रंकेत हायत बोलायची, पण ती फुलं ट्रंकेत नव्हतीच. मी काल काढायला गेलो. आतेच्या उशाशी होती, काचेच्या बाटलीत. शेजारची सुमनकाकी बोलली, आते रोज पदरानं पुसायची ती."

"कशाला? तिला तर आवडत नव्हती!"

"सुमनकाकीनं पण विचारलान व्हता तिला. तर बोलली, विहारातला फूल सुकू दे. ह्यो माझ्या बालाचा हाय. ह्यो नको सुकू दे."

ऑपरेटर मध्येच म्हणाला, वेळ संपली. मी "हो, हो" म्हणत राहिलो, फोन कधीच बंद झाला होता.

आते, म्हणजे वाद तू हरलीस की! निदान अर्धा. सगळ्या जगाला तू सुकू द्यायला तयार होतीस, फुलांना, भोपळ्याला, स्वतःलासुद्धा. आणि मी लांब म्हणून माझ्यापुरता बुद्धाकडे वशिला लावलास. हे भंतेंना कळलं असतं तर? मी टँकरच्या मागं बसून रडत होतो आणि मध्येच हसत होतो. ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून विचारलं, काय झालं.

काल रविवार होता. तिकडे विहारात वंदना सुरू होईल त्या वेळेला इकडे मीही फूल ठेवायचं ठरवलं होतं. इथं या दिवसांत रोहिड्याच्या झाडाला फुलं येतात. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं, आपल्या पांगाऱ्याची आठवण येते. सकाळी एक खाली पडलेलं उचललं. झाडावरचं तोडवत नव्हतं म्हणून नाही, खालचंच जास्त चांगलं होतं. डांबराच्या रिकाम्या पिंपावर स्वच्छ फडकं घालून त्यावर ठेवलं, वंदना म्हटली, येत होती तेवढी. मग बघत बसलो. वाटलं, वाळवंटातलं ऊन आहे, तासाभरात आटपेल.

कसलं आटपतंय! ते फूल जाड, पाण्यानं भरलेलं. ऊन वर आलं तरी हे आपलं ताजंतवानं. तिकडे डांबर उकळलेलं, खडी पसरून झालेली, आणि बापूरावांचा आवाज, "ए कोकण्या! डांबर थंड होतंय! तुझ्या बापाचा रस्ता आहे काय?"

"थांबा, अजून झालं नाही!" मी म्हटलं. मी! बापूरावांना!

ते आले. फुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काही आज मरत नाही बघ," म्हणाले. "बरोबर घे की त्याला."

म्हणून मी फूल रोलरवर घेतलं. समोर, इंजिनाच्या वर पत्र्यावर फडकं अंथरून ठेवलं. रोलर किती हळू चालतो ते तू एकदा सावर्ड्याला बघितलं होतंस, "ह्याच्यापेक्षा आमची म्हस बरी" म्हणाली होतीस. काल दिवसभर त्याच्याइतकी चांगली गाडी जगात नव्हती. पुढं जायचं, मागं यायचं, परत पुढं, आणि समोर फूल. खालून इंजिनाची ऊब, वरून ऊन. दुपारी पाकळीची एक कड मऊ पडली. मग रंग आतनं गडद होत गेला, केशरीचा तांबूस, तांबुसाचा तपकिरी. एक मुंगी कुठनं तरी चढली आणि देठापाशी बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. नवा रस्ता मागं काळाभोर चमकत होता. मला काळजी अशी कसलीच वाटली नाही, आणि वाटत नाहीये हे माझ्या ध्यानात यायलासुद्धा वेळ लागला.

सूर्य टेकडीला लागला तेव्हा शेवटची पाकळी आत वळली. मी इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की गडी माणसंही बघायला लागली.

आते, सुकला गो. मी बघत व्हतो.